मदत हवी आहे: कळपामुळे संख्या टिकते की ढासळते? सेमिनार अडकलाय

नमस्कार मंडळी, मी साताऱ्यात एमएस्सी झूलॉजी करतोय, सेमिनारला विषय घेतला कळपाने राहणाऱ्या प्राण्यांची संख्या कशी कमीजास्त होते. वाटलं कोयना-चांदोलीत गवे आहेत, रानकुत्री आहेत, उदाहरणं घरचीच. आता वाचेल तसं डोकं गरगरतंय.

लोटका-व्होल्टेरा मॉडेल (शिकारी-भक्ष्याची संख्या कशी बदलते त्याचं गणित) धरून चालतं की शिकारी आणि भक्ष्य रानात कसेही विखुरलेत, भक्ष्य दुप्पट झालं की गाठ पडायची शक्यता पण दुप्पट. पण कळप असला तर सिंहाची गाठ कळपाशी पडणार ना? शंभर विल्डबीस्ट (आफ्रिकेतले कळपाने चरणारे प्राणी) एका जागी असले तरी गाठ एकच आणि मरणार बहुतेक एकच. टांझानियातल्या सेरेंगेटीवर फ्रिक्सेल वगैरेंचा 2007 चा पेपर आहे नेचरमधला, त्यात हेच की कळपामुळे सिंहाच्या वाट्याला खाणं खूपच कमी येतं, वर सिंह पण टोळीनं खाणार म्हणजे वाटेकरी आलेच, त्यामुळे दोघांच्या संख्येतले मोठे चढउतार शांत होतात. इथपर्यंत पटलं.

मग आला अ‍ॅली इफेक्ट. संख्या फार कमी झाली की दरडोई वाढ पण घटते. रानकुत्र्यांच्या टोळीत बहुतेक एकच मादी विते, बाकीचे पिल्लांना मांस ओकून भरवतात, टोळीच लहान असली तर शिकारीला कोण जाणार आणि पिल्लांपाशी कोण थांबणार? म्हणजे कळप इथं उलटा नडतोय. दोन्ही एकदम खरं कसं? सर म्हणाले दोन्ही लिही, पण लिहून कळलंय असं होत नाही.

वारणाकाठ: अरे भावा, भक्ष्याच्या कळपात दोन्हीचं मूळ एकच आहे बघ. एका हल्ल्यात एकच मरतं, मग शंभरात तुझा नंबर लागायची भीती शंभरात एक, आणि पाचच उरले तर पाचात एक. मोठ्या कळपात ते फायद्याचं, छोट्यात जीवघेणं. फक्त एक बघ, शिकारी त्याच भक्ष्यावर जगत असेल तर भक्ष्य घटल्यावर तो पण घटतो, मग जरा सुटका होते. त्याला खायला दुसरं काही असेल तर हल्ले थांबत नाहीत, कळप संपतो. हे सेमिनारमध्ये आधी सांग, गणित मागनं.

कृष्णाकाठची_सांगलीकर: आणि नुसती डोकी मोजू नकोस. पॅकर आणि मंडळींनी 2005 मध्ये सेरेंगेटीच्या सिंहांचं दाखवलंय, संख्या दहा-वीस वर्षं जवळपास तेवढीच आणि मग एकदम उडी. कारण नवी टोळी एक-दोन सिंहिणींवर टिकत नाही, पुरेशा जणी असाव्या लागतात. आपल्या रानकुत्र्यांचं मोजणं तर आणखी किचकट, वाघासारखे पट्टे नाहीत की बिबट्यासारखे ठिपके नाहीत, कॅमेरा ट्रॅपच्या (रानात लावलेला, आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) फोटोत एकेक वेगळं ओळखणार कसं.

धागाकर्ता: ताई, दादा, लई आभार, पाचात एक वाचून ट्यूब पेटली! आता एवढंच सांगा, साठ रानकुत्री सहा टोळ्यांत असली काय आणि वीस टोळ्यांत असली काय, आडव्या अक्षावर एकूण संख्या घेतली तर ग्राफवर ठिपका एकच येतो. मग तिथं टोळीचा आकार घेऊ का? कच्चा ग्राफ रात्री टाकतो, शुक्रवारच्या आत कुणीतरी नजर टाका प्लीज.