मदत हवी आहे: १/२४ ‘एलिमिनेटर’च्या टपावर पांढुरकी साय, बारीक तडे आणि डेकलखाली हवा

तेहेतीसची_कूप:

मंडळी, झेडझेड टॉप या अमेरिकन रॉक बँडची ‘एलिमिनेटर’, म्हणजे १९३३ ची फोर्ड थ्री-विंडो कूप, तिचं प्लास्टिक मॉडेल १/२४ मापात (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढं) बांधतोय. किट जुनं आहे, हातबदल होऊन आलेलं. मुक्काम पुणे, महिना जुलै.

आतापर्यंत केलेलं काम असं: करडा प्रायमर, त्यावर टॅमियाच्या टीएस-८ या लाल स्प्रेचे तीन हात. दुसऱ्या दिवशी डाव्या दारावरचं झेडझेडचं डेकल (पाण्यात भिजवून बसवायचं छापील चित्र) लावलं आणि त्याच संध्याकाळी टीएस-१३ हा पारदर्शक क्लिअर स्प्रे मारला. पहिलाच हात ओला दिला. बाहेर पाऊस होता, घरातला मीटर ८४ टक्के आर्द्रता दाखवत होता.

झालं ते असं:
१. टपावर आणि बोनेटवर दुधाळ साय आली.
२. ती पुसायला कापसावर हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर घेतलं, तर टपावर जाळीसारखे तडे गेले.
३. डेकलखाली चंदेरी डाग दिसतात, आणि डेकलमधले फिके रंग लालवर गुलाबी पडलेत.
४. उजव्या बाजूचं डेकल अजून कागदावरच आहे. ते पिवळं पडलंय. त्याच पत्र्यावरचं, म्हणजे डेकलच्या कागदावरचं, एक लहान डेकल पाण्यात टाकताच तीन तुकडे झाले.

फक्त टप दुरुस्त होईल, की सगळी बॉडी धुवावी लागेल? डेकल वाचवता येईल का? आणि या हवेत पुन्हा रंग मारावा का?

वॉटरपेपर२०००:

सगळी बॉडी धुवा. कारण टप नव्हे, दार आहे. चंदेरी डाग म्हणजे डेकलखालची हवा. ती काढायला मायक्रो सोल (डेकल मऊ करणारं द्रावण) त्या फिल्मपर्यंत पोचावं लागतं आणि तुमच्याकडे वर क्लिअरचं झाकण बसलंय. आता सुईने टोचून सोल सोडलं तरी डाग पूर्ण जाणार नाहीत, टोचल्याच्या खुणा मात्र राहतील. डाव्या बाजूचं डेकल गेलं असं धरा. पण धुण्याआधी एक काम करा: दाराचा सरळ समोरून, पट्टी शेजारी धरून फोटो काढा. पुढे मापाला लागेल.

आता साय कशी आली ते. स्प्रेमधलं द्रावक झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग थंड करतं, आणि दमट हवेतली वाफ त्या थंड पृष्ठभागावर दवासारखी धरते. ते पाणी ओल्या लॅकरमध्ये अडकलं की थर दुधाळ होतो. नुसती साय असती तर मिस्टर कलर लेव्हलिंग थिनरचा एक हलका फवारा एअरब्रशने देऊन थर पुन्हा उघडता आला असता, किंवा आठवड्याने २००० च्या वॉटर पेपरने वरचा थर काढता आला असता. एनसी थिनर प्लास्टिकवर कधीही नको. त्यात टोल्युइनसारखी कडक द्रावकं असतात, ती पॉलिस्टायरीनलाच विरघळवतात. म्हणून तुमचे तडे रंगात आहेत की प्लास्टिकमध्ये, हा खरा प्रश्न आहे, आणि तो रंग उतरल्यावरच कळेल.

धुण्यासाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, केमिकलच्या दुकानात लिटरने मिळतं. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात बॉडी पूर्ण बुडेल इतकं ओता, बारा तास ठेवा, मऊ टूथब्रशने घासा. उरलं तर परत बुडवा. गॅस, देवाचा दिवा, काहीही पेटतं जवळ नको, आणि हातमोजे घाला. काचा लावल्या असतील तर आधी काढा, पारदर्शक स्टायरीन अल्कोहोलमध्ये तडकू शकतं. प्रायमर बऱ्याचदा पूर्ण निघत नाही. घट्ट आणि सपाट असेल तर राहू द्या, फक्त टपावरचा काढा.

मग टप खिडकीच्या उजेडात तिरपा धरा. प्लास्टिक गुळगुळीत दिसलं तर सुटलात. नखाला तडे लागले तर बॉडी चार दिवस तशीच वाळू द्या. इथे घाई केली की पुढचं सगळं फसतं: तड्यांत थिनर मुरलेलं असतं, त्यावर लगेच प्रायमर मारला तर आठवड्याभराने तीच जाळी लाल रंगातून वर दिसते. वाळल्यावर ६००, ८००, १००० असा ओला वॉटर पेपर, मग मिस्टर सर्फेसर १००० (बारीक चिरा भरणारा प्रायमर), पुन्हा घासणं. या गाडीचा टप कापून खाली आणलेला आहे, त्यामुळे पुढच्या काचेचे दोन्ही खांब आखूड असले तरी काडीसारखे बारीक आहेत. टप घासताना आतून फोमचा तुकडा ठासा आणि बोट टपाच्या मधोमधच टेका. खांबाच्या मुळाशी पांढरी रेघ उमटली की तिथेच थांबा, तो मोडण्याच्या बेतात आहे.

दुसरी_बाजू:

डेकलबद्दल लिहितो. उरलेला डेकलचा पत्रा पाण्यात घालूच नका. आधी ६०० डीपीआयला स्कॅन करा, मग मायक्रोस्केलच्या लिक्विड डेकल फिल्मचा एकच पातळ हात मऊ ब्रशने द्या. रात्रभर वाळवा. ही फिल्म सगळ्या पत्र्यावर एकसंध बसते, म्हणून प्रत्येक डेकल कडेला लागून कापावं लागेल. कामाचं नसलेलं एखादं टिकलीएवढं डेकल आधी कोमट पाण्यात सोडून पाहा. अखंड सुटलं तरच मोठ्याला हात घाला. पिवळेपणा झिपच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवल्यावर उन्हाने बराच उतरतो, पण जुलैत ऊन कुठलं. त्यासाठी ऑक्टोबरपर्यंत थांबायची तयारी हवी.

गुलाबी का दिसतं? डेकलमधला पांढरा आणि फिका रंग इतका पातळ छापलेला असतो की खालचा लाल झिरपून दिसतो. इलाज असा: स्कॅन मूळ मापात कागदावर छापा, फिक्या भागांचा आकार मास्किंग शीटवर कडेपासून अर्धा मिलिमीटर आत कापा, आणि डेकल लावण्याआधी लालवर पांढऱ्याचे दोन धुक्यासारखे हात द्या. अर्धा मिलिमीटर सोडला नाही तर डेकलच्या बाहेर पांढरी किनार डोकावते.

डाव्या बाजूचं नवं डेकल छापावंच लागेल. दोन्ही दारं वेगळी दिसू नयेत म्हणून दोन्ही बाजू नव्याने छापणं माझ्या मते जास्त बरं. साधा प्रिंटर पांढरी शाई टाकत नाही, त्यामुळे पारदर्शक डेकल कागदावर छापलेलं चित्र लालवर नाहीसं होतं. पांढरा डेकल कागद घ्या, लेझरवर छापा. इंकजेटवर छापलंत तर क्लिअरने बंद केल्याशिवाय पाण्यात शाई पसरेल. कापताना पांढरी धार उघडी पडते, ती त्या त्या रंगाच्या मार्करने बसवण्याआधीच रंगवा.

बसवताना खाली मायक्रो सेट (निळं लेबल), वरून मायक्रो सोल (लाल लेबल). दाराची रेघ ओलांडणारं डेकल पूर्ण बसलं की नव्या ११ नंबरच्या पात्याने रेघेवरून एकदाच कापा आणि त्या चिरेत सोलचा थेंब सोडा, तेव्हा ते रेघेत उतरतं. सोल पडल्यावर डेकल सुरकुततं. हात लावू नका, वाळताना आपोआप सपाट होतं.

तेहेतीसची_कूप:

दोघांचेही आभार. बॉडी अल्कोहोलमध्ये घातली, टपाचे तडे बहुतेक रंगातच होते, मागच्या कडेला तेवढे दोन-तीन नखाला लागतात. आता रंगाचं काय? टीएस-८ च ठेवू का? आणि पावसाळा संपेपर्यंत थांबू?

वॉटरपेपर२०००:

मग मागच्या कडेपुरतंच ६००, ८०० करा, बाकी टपाला १००० पुरेल.

टीएस-८ चालेल, पण करड्यावर तो गडद पडतो. गुलाबी किंवा पांढऱ्या प्रायमरवर तोच लाल किंचित नारिंगीकडे झुकतो आणि १/२४ ला जास्त खरा वाटतो. रंग जुळवायला १९८३ च्या ‘एलिमिनेटर’ अल्बमचं मुखपृष्ठ घेऊ नका, ते काढलेलं चित्र आहे. कॅलिफोर्नियातल्या पॅरामाउंटला डॉन थेलन यांनी बँडच्या बिली गिबन्ससाठी बांधलेल्या खऱ्या गाडीचे, दिवसाच्या उजेडातले फोटो शोधा. कार्यक्रमांत फिरवायला या गाडीची जुळी प्रतही बनवली होती, म्हणून फोटो कुठल्या गाडीचा ते पाहून मगच बारकावे उतरवा.

थांबायची गरज नाही, खोली कोरडी करा. एसी ड्राय मोडवर तासभर चालवा, मीटर ६० च्या खाली आला की मारा. धूळ उडू नये म्हणून फवारताना एसी बंद. स्प्रेचा वायू पेट घेतो, तेव्हा लगतच्या स्वयंपाकघरात गॅस पेटलेला नको. तोंडाला द्रावकाच्या वाफेसाठीचा कार्ट्रिजवाला मास्क हवा, कापडी मास्कने काही अडत नाही. डबा पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, कढत पाण्यात कधीच नाही. अंतर पंधरा-वीस सेंटिमीटर. पहिले दोन हात धुक्यासारखे, मध्ये पंधरा मिनिटं, तिसरा ओला. नाक जवळ नेऊन वास येतो तोवर लाल वाळलेला नाही, आणि पावसाळ्यात याला तीन दिवसही लागतात.

डेकलनंतर पूर्ण दोन दिवस थांबा. टीएस-१३ कडक आहे, ओला पडला तर डेकल चुरगळतं. म्हणून तीन कोरडे हात, त्यानंतरच ओला. पॉलिश आठवड्याने: २०००, ३०००, मग टॅमियाचे कोर्स, फाइन, फिनिश कंपाउंड. मडगार्डच्या माथ्यावर आणि दाराच्या कडांवर आधी मास्किंग टेपची एक मिलिमीटरची पट्टी लावा, रंग पहिल्यांदा तिथेच उडतो.

तेहेतीसची_कूप:

शेवटचा प्रश्न. बेसवर अ‍ॅम्पची थप्पी आणि झेडझेड टॉपच्या व्हिडिओतली ती पांढऱ्या लोकरीची गिटार ठेवायची आहे. मापं?

दुसरी_बाजू:

मार्शल कंपनीचं चार-बारा कॅबिनेट (बारा इंची चार स्पीकरांचा डबा) साधारण ७७० बाय ७५५ बाय ३६५ मिलिमीटर असतं, म्हणजे १/२४ ला ३२ बाय ३१.५ बाय १५. दोन एकावर एक, वर ३१ बाय १३ बाय ९ चं हेड, म्हणजे खुद्द अ‍ॅम्प. दीड मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटचे डबे करा आणि काळा ६०० चा वॉटर पेपर गुंडाळा, अ‍ॅम्पवरच्या खरबरीत रेक्झिनसारखा तो हुबेहूब दिसतो. पुढच्या जाळीला बँडेजची पट्टी, पातळ काळ्या रंगात बुडवून.

गिटार सुमारे ४२ मिलिमीटर लांब, बास गिटार ४८. खऱ्या गिटारी डीन कंपनीने केल्या होत्या, मेंढीच्या कातड्यासारखी लव लावून. तुम्ही पांढरी फ्लॉकिंग पावडर वापरा: बॉडीला पातळ पांढरा गोंद, चहाच्या गाळणीतून पावडर, उलटी करून टिचकी, रात्रभर वाळवणं. फ्रेटबोर्डला आधी टेप. व्हिडिओत त्या पट्ट्याच्या बकलपाशी गरगर फिरतात, म्हणून पाठीमागे तोल साधेल तिथे अर्धा मिलिमीटरची पितळी तार बसवा. भोक लव लावण्याआधी पाडा, नंतर ड्रिलला लव गुंडाळते आणि टक्कल पडतं.