स्पॅनिश बोलणारे पेशंट समुपदेशनाला दुसऱ्यांदा येतच नाहीत – नेमकं काय बदलावं?

निळाई
नमस्कार मंडळी. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतल्या एका सामुदायिक आरोग्य केंद्रात क्लिनिकल सोशल वर्कर म्हणून काम करते. पेशंट बहुतेक मेक्सिको आणि ग्वाटेमालाकडचे: शेतमजूर, पॅकिंग हाउसमधले कामगार, त्यांची कुटुंबं. माझं स्पॅनिश कामचलाऊ आहे. डॉक्टर पीएचक्यू-९ (नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) भरून घेतात, स्कोअर १० किंवा वर गेला की आमच्याकडे पाठवतात. पहिली भेट कशीबशी होते, दुसऱ्या भेटीला कुणी फिरकत नाही. सहकाऱ्यांचं म्हणणं, "त्यांच्यात मानसिक आजाराची लाजच फार, आपण तरी काय करणार?" हे कितपत खरं मानायचं? दुभाष्याबरोबर सेशन कसं घ्यायचं आणि फॉर्मवर न दिसणारं काय विचारायचं, हे या कामात मुरलेल्यांनी सांगावं. 'सांस्कृतिक संवेदनशीलते'वरचं वाचन भरपूर झालंय, रोजच्या कामाला लागेल असं हवंय.

टेकडी
निळाईताई, लाज असते. ती आपल्या मराठी घरांतही काही कमी नाही. पण ते कारण सगळ्यात शेवटी तपासा. आधी डॉक्टरांच्या खोलीपासून तुमच्या खुर्चीपर्यंत पेशंटला काय काय पार करावं लागतं, ते एकदा स्वतः चालून बघा.

बहुतेक ठिकाणी चित्र असं असतं: रेफरल कॉम्प्युटरमध्ये जातं, आठवड्याभराने अनोळखी नंबरवरून फोन येतो, पेशंट उचलत नाही, इंग्रजीत व्हॉइसमेल पडतो. तारीख मिळते तीन-चार आठवड्यांनंतरची, मंगळवारी दुपारी २ ची. तासावर किंवा पेटीवर मजुरी घेणाऱ्याची अर्धा दिवसाची कमाई गेली, गाडी एकच आणि ती नवऱ्याकडे, धाकटं पोर कुणाकडे ठेवायचं याचा पत्ता नाही. मग लाजेला दोष कशाला द्यायचा?

पहिला बदल: डॉक्टरांनी त्याच दिवशी, त्याच खोलीत तुमची ओळख करून द्यायची. पाच-दहा मिनिटं पुरतात. तुम्ही उभ्याने नाही, बसून बोला. गाव कुठलं, घरी कोण कोण, एवढं विचारा, त्या दिवशीची एक ठोस अडचण हातात घ्या (झोप, शाळेचं पत्र, काहीही) आणि पुढची तारीख समोरच ठरवा. ही माणसं संस्थेकडे येत नाहीत, माणसाकडे येतात. 'कॉन्फियान्सा' म्हणजे भरवसा बसला की लांबूनही येतात. मोठ्यांशी कायम 'उस्तेद'नेच (म्हणजे 'तुम्ही'नेच) बोला. तुमचं स्पॅनिश मोडकं असलं तरी चालेल, 'तू' म्हटलेलं चालणार नाही.

दुसरं, वेळ. आठवड्यातून एक संध्याकाळ ८ पर्यंत उघडी ठेवा. हंगामात फोनवरचं सेशन धरा, तेही ३० मिनिटांचं. आठवण करून देणारे संदेश स्पॅनिशमध्ये आणि आवाजी. व्हॉट्सॲप सगळ्यांकडे असतं म्हणून उपचाराचं बोलणं तिथे नेऊ नका, गोपनीयतेच्या कायद्यात ते बसत नाही.

लाजेचा मुद्दा किती फुगवला जातो हे पाहायचं तर २००३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आलेला जीन मिरांडा यांचा अभ्यास काढा. कमी उत्पन्नाच्या तरुण स्त्रिया, त्यांत लॅटिना (लॅटिन अमेरिकन वंशाच्या) मोठ्या संख्येने. मुलं सांभाळायची सोय आणि येण्याजाण्याचा खर्च देऊन औषध किंवा सीबीटी (विचार-वर्तन बदलणारी समुपदेशनाची पद्धत) दिली, तेव्हा त्या सुधारल्या. 'बाहेर अमुक ठिकाणी जा' म्हणून नुसतं पाठवलेल्यांना तेवढा फायदा झाला नाही.

आणि एक बारीक गोष्ट, जी फ्रंट डेस्कवर रोज चुकते: आडनावं दोन असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. मारिया लोपेस गार्सिया आली की क्लार्क 'गार्सिया' आडनाव टाकतो आणि 'लोपेस' मधलं नाव होऊन बसतं. पुढच्या वेळी दुसरा कुणी 'लोपेस'खाली शोधतो, सापडत नाही, नवी फाइल उघडतो. पीएचक्यू एका फाइलमध्ये, तारीख दुसऱ्यात. तुमच्या न आलेल्या पेशंटांपैकी काही प्रत्यक्षात दुसऱ्या नंबरावर आलेलेही असतील. जन्मतारखेवरून एकदा तपासा.

कुटुंबाला पहिल्याच भेटीत आत घ्या, असंही सुचवेन. कुटुंबाला डावलून इथे काही होत नाही.

रानवारा
टेकडी, शेवटचं वाक्य सोडून सगळं पटलं. आधी किमान १५ मिनिटं पेशंट एकटा, मग त्याच्या परवानगीने कुटुंब. नवरा किंवा सासू शेजारी असताना घरातल्या मारहाणीबद्दल कोण बोलेल? 'आमच्याकडे सगळ्यांना आधी एकटंच भेटतात' हे वाक्य डेस्कवरच सांगून टाका, म्हणजे बाहेर बसलेल्याला त्यात अपमान वाटत नाही.

आता दुभाषा. संघराज्याचा पैसा घेणाऱ्या केंद्राला १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार आणि अफोर्डेबल केअर ॲक्टच्या कलम १५५७ नुसार पात्र दुभाषा द्यावाच लागतो, पेशंटला एक पैसाही न लावता. जिवावरचा प्रसंग सोडला तर अल्पवयीन मुलाला दुभाषा करता येत नाही. बारा वर्षांच्या मुलीने आईच्या आत्महत्येच्या विचारांचं भाषांतर करणं म्हणजे काय, याची कल्पना करा. तरी गर्दीच्या दिवशी हे सर्रास होतं.

सेशनआधी दुभाष्याशी पाच मिनिटं बोला: आज काय विचारणार, आत्महत्येचा प्रश्न येणार आहे आणि तो गुळगुळीत करायचा नाही. सभ्यतेपोटी 'मरावंसं वाटतं का'चं 'फार वाईट वाटतं का' होतं आणि उत्तर 'नाही' येतं. तुम्ही पेशंटकडे बघून बोला, दुभाषा पेशंटच्या किंचित मागे, बाजूला. वाक्यं छोटी, एका वेळी एकच प्रश्न. 'ती म्हणते की' नको, 'मला झोप येत नाही' असं थेट पहिल्या पुरुषात. सगळ्याला दीडपट ते दुप्पट वेळ लागतो, म्हणून ४५ मिनिटांच्या खिडकीत पूर्ण मूल्यमापन कोंबू नका. शक्यतो दर वेळी तोच दुभाषा मागा. फोनवरच्या सेवेत तो मिळेलच असं नाही, पण स्त्री हवी की पुरुष एवढं तरी आधी सांगता येतं.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१५ च्या पाहणीत स्पॅनिशमधून सेवा देऊ शकणारे मानसशास्त्रज्ञ ५.५ टक्के निघाले होते. देशात लॅटिनो मात्र जवळपास दर पाच माणसांत एक. ही दरी तुमच्या-माझ्या स्पॅनिशच्या क्लासने भरणारी नाही. म्हणून 'प्रोमोतोरा' धरा, म्हणजे वस्तीतल्याच आरोग्यसेविका, आपल्याकडच्या आशाताईंसारख्या. त्यांना उपचार करायला लावू नका. घरी जाऊन तारखेची आठवण, बसचा मार्ग, पहिल्या भेटीला सोबत, ही कामं त्यांची. त्यांना नीट पगार आणि दर आठवड्याला तासभर सुपरव्हिजन द्या. स्वयंसेवक म्हणून राबवलं तर त्या चांगल्या कामासाठी सोडून जातात, आणि वस्तीतला विश्वासही त्यांच्याबरोबर जातो.

शब्दांगी
फॉर्मबद्दल लिहिते.

पीएचक्यू-९ चं स्पॅनिश रूप फुकट मिळतं आणि चांगलं आहे. घोटाळा होतो तो पर्यायांत. 'काही दिवस', 'निम्म्याहून जास्त दिवस', 'जवळजवळ रोज' हा हिशेब कमी शिकलेल्या माणसाला तोंडी धरून ठेवता येत नाही, मग तो सगळ्याला मधलंच उत्तर देतो. एका कागदावर १४ चौकोन काढा, सात-सातच्या दोन ओळी. 'गेल्या दोन आठवड्यांत यातल्या किती दिवशी?' असं विचारून बोट ठेवायला सांगा, मग गुण तुम्ही द्या. स्कोअर पाहताना बेरजेवर थांबू नका. हंगामात पहाटे ४ ला उठणाऱ्याला थकवा, झोप, भूक यांचे गुण मिळणारच. पहिला, दुसरा, सहावा आणि नववा प्रश्न (कशात रस नसणं, उदासी, स्वतःबद्दल वाईट वाटणं, मरणाचे विचार) वेगळे पाहा. डोकेदुखी, चक्कर, अस्वस्थता असेल तर फवारणीच्या शेतात काम होतं का हेही विचारा. साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासलेलं आहे ना, हे फाइलमध्ये बघा.

लोक 'डिप्रेशन' म्हणत नाहीत. 'नेर्व्हिओस' (नसांचा त्रास) म्हणतात, दचकून आजारी पडल्याला 'सुस्तो' म्हणतात. 'आताके दे नेर्व्हिओस' मुख्यतः कॅरिबियनकडच्या लोकांत: भांडण किंवा मृत्यूची बातमी, मग किंचाळणं, थरथर, छातीतून डोक्याकडे चढणारी उष्णता, कधी शुद्ध हरपणं. कारण घडल्यावर लगेच येतो, त्यामुळे त्याला सरसकट पॅनिक डिसऑर्डर म्हणू नये. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका) या तिन्हींची नोंद आहे, आपल्याकडच्या 'धात'च्या शेजारीच. तिथलीच १६ प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत वापरा. सगळी जमत नसेल तर दोन प्रश्न सोडू नका: 'तुमच्या घरचे याला काय म्हणतात?' आणि 'इथे येण्याआधी काय काय करून पाहिलं?' दुसऱ्याच्या उत्तरात पाद्री, कुरांदेरा (गावठी उपचार करणारी बाई), काढे सगळं येतं. कॅमोमाइलच्या चहाला हरकत नाही. 'इएर्बा दे सान हुआन' म्हणजे सेंट जॉन्स वर्ट मात्र एसएसआरआय (नैराश्यावरच्या नेहमीच्या) गोळ्यांबरोबर धोकादायक आहे, सेरोटोनिन वाढून जिवावर बेतू शकतं.

गेलेल्या आईचा आवाज ऐकू येतो, असं कुणी सांगितलं की लगेच सायकोसिसचं निदान लावू नका. दुःखात असं होतं हे तिथे अनेकांना ठाऊक असतं. आवाज भीती घालतो का, हुकूम सोडतो का, बाकी वागणं-बोलणं सुसंगत आहे का, ते पाहा.

गोळ्या सुरू केल्या तर पहिल्याच दिवशी सांगा: पहिल्या आठवड्यात मळमळ, फरक पडायला दोन ते सहा आठवडे, बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत. सवय लागेल ही भीती जवळपास प्रत्येकाच्या मनात असते, त्यांनी विचारायची वाट पाहू नका.

किशोरवयीन मुलींकडे जास्त लक्ष द्या. आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण लॅटिना मुलींत गोऱ्या मुलींपेक्षा अनेक वर्षं जास्त नोंदलं गेलंय. घरच्यांसाठी दुभाषेपण, धाकट्यांची देखभाल, शाळा आणि घर यांतली ओढाताण, हे सगळं वेळेवर विचारा. घरातली औषधं आणि बंदूक कुठे असते, हे आईवडिलांना सरळ विचारायचं. ९८८ या आत्महत्या-प्रतिबंध हेल्पलाइनवर फोन करून २ दाबलं की स्पॅनिशमध्ये माणूस मिळतो, 'आयुदा' हा शब्द रोमन लिपीत ९८८ वर टेक्स्ट केला तरी चालतं. नंबर नुसता देऊ नका, त्यांच्याच फोनमध्ये तिथेच सेव्ह करा.

निळाई
सगळ्यांचे मनापासून आभार, १४ चौकोन उद्यापासूनच. दोन गोष्टी राहिल्या. काही ग्वाटेमालन आणि मेक्सिकोतल्या ओआहाका राज्याकडच्या बायका स्पॅनिश दुभाष्यालाही प्रत्येक प्रश्नाला नुसतं 'सी' म्हणतात. आणि कागदपत्रांच्या भीतीने येणं थांबलेल्यांना खात्रीने काय सांगू?

टेकडी
आधी कागदपत्रं. 'काही होणार नाही' असं वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. जानेवारी २०२५ मध्ये दवाखाने, शाळा, चर्च यांना मिळणारं इमिग्रेशन कारवाईपासूनचं धोरणात्मक संरक्षण काढून घेतलं गेलं. तुमच्या हातात आहे ते असं: स्थलांतराचा दर्जा नोटमध्ये लिहायचा नाही, निदानाला त्याची गरज नसते. प्रवासात झालेला अत्याचार उपचारासाठी महत्त्वाचा असेल तर अत्याचार लिहा, सीमा कशी ओलांडली ते नको. प्रतीक्षालय सार्वजनिक, त्यापुढचं दार बंद आणि 'फक्त पेशंट व कर्मचारी' अशी पाटी. आय-२०० किंवा आय-२०५ हे इमिग्रेशन खात्याने स्वतःच काढलेले वॉरंट, त्यांवर आतल्या भागात शिरता येत नाही, न्यायाधीशाची सही असलेलं लागतं. ते वाचून बघणारा एक माणूस प्रत्येक पाळीत नेमलेला हवा. बाकीच्यांनी त्यालाच बोलवायचं.

मेडि-कॅलचा (कमी उत्पन्नवाल्यांसाठी कॅलिफोर्नियाचा सरकारी आरोग्यविमा) नियम बदललाय: जानेवारी २०२६ पासून कागदपत्रं नसलेल्या, १९ वर्षं किंवा त्याहून मोठ्यांची पूर्ण कव्हरेजची नवी नोंदणी बंद आहे. आधीपासून असलेल्यांनी नूतनीकरणाचा लिफाफा चुकवता कामा नये. प्रत्येक भेटीत तो लिफाफा आला का, हे विचारा. कव्हर नसेल तर केंद्राची उत्पन्नानुसार घटत्या दराची फी असतेच. फ्रेझ्नोच्या मेक्सिकन वकिलातीतली 'व्हेंतानिया दे सालुद' ही आरोग्य खिडकीही दाखवा, तिथे जायला लोक कमी बिचकतात.

रानवारा
'सी'बद्दल: त्या बायकांची भाषा बहुधा स्पॅनिश नाहीच. मिश्तेको, त्रिकी, माम, किचे, कान्होबाल या मूळनिवासी भाषांपैकी काहीतरी असेल. 'स्पॅनिश येतं का?' विचारलं तर हो म्हणतील, कारण नाही म्हणण्यात कमीपणा वाटतो. त्याऐवजी 'घरी आईशी कुठल्या भाषेत बोलता?' आणि 'गाव कुठलं, मुनिसिपिओ (तालुक्यासारखा भाग) कुठला?' विचारा. मिश्तेकोचे प्रकार एकमेकांना कळतीलच असं नाही, गावावरूनच योग्य दुभाषा शोधता येतो. तो फाइलमध्ये ठळक नोंदवा, नाहीतर दर वेळी स्पॅनिशवालाच जोडला जाईल.

बऱ्याचदा साखळी लागते: मिश्तेको ते स्पॅनिश, स्पॅनिश ते इंग्रजी. अशा वेळी पीएचक्यू वाचून दाखवू नका, गुणांना काही अर्थ उरत नाही. झोप, जेवण, रडू, काम होतंय का, मरणाचे विचार, एवढं साध्या बोलण्यातून घ्या आणि 'हो-नाही'त उत्तर येईल असा प्रश्नच टाळा. त्याच गावचा दुभाषा असेल तर पेशंटला आधी विचारा, चालेल का. वस्ती लहान, बातमी फिरते. आणि छापील पत्रकं देऊन उपयोग नाही, या भाषा वाचायची सवय फार थोड्यांना असते. पुढची तारीख, गोळी कधी घ्यायची, अडचण आली तर कुणाला फोन करायचा, हे दुभाष्याच्या आवाजात तीस-चाळीस सेकंदांत तिच्या फोनवर रेकॉर्ड करून द्या, आणि निघण्याआधी तिला एकदा ऐकवून बघा.