डायपोलला कोॲक्सच लावा, लॅडर लाइनचा एवढा आग्रह कशाला?

एकतारी

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाचा, नवा परवाना हातात पडलेल्या कुणीही "डायपोलला (मधोमध तोडलेल्या तारेच्या अँटेनाला) फीडलाइन (रेडिओपासून अँटेनापर्यंतची लाइन) कोणती लावू?" असं विचारलं की लगेच कुणीतरी लॅडर लाइनचं (शिडीसारख्या दोन समांतर तारांच्या लाइनचं) नाव काढतंच. मग ट्यूनर (रेडिओ आणि लाइनचा मेळ घालणारा डबा), बालुन (समतोल आणि असमतोल लाइन जोडणारा भाग), खिडकीतून तारा आत कशा घ्यायच्या, असं सगळं सुरू होतं आणि तो बिचारा अँटेना लावायचंच लांबणीवर टाकतो. हे मला मनापासून खटकतं.

माझा डायपोल ७.१ मेगाहर्ट्झचा आहे. १४३ भागिले ७.१ करून साधारण २० मीटर तार घेतली, मधोमध तोडली आणि तिथून ३० मीटर आरजी-५८ (पातळ कोॲक्स, म्हणजे मधली तार आणि भोवती धातूची जाळी असलेली गोल केबल) खोलीपर्यंत आणली. मोकळ्या अवकाशात अर्धतरंग (अर्ध्या तरंगलांबीच्या) डायपोलचा फीडपॉइंट (केबल जोडायची जागा) ७३ ओहमचा धरतात. जमिनीपासूनच्या उंचीप्रमाणे तो कमीजास्त होतो. तरी ५० ओहमच्या केबलवर एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेनाचा मेळ किती चुकतो त्याचं माप, १:१ म्हणजे पूर्ण मेळ) दीडच्या आसपास राहतो आणि त्याने होणारं जादा नुकसान मोजण्याइतकंही नसतं. केबल भिंतीला चिकटवा, पाइपातून न्या, जमिनीत गाडा, तिला फरक पडत नाही. २१ मेगाहर्ट्झवर हीच तार तीन अर्धतरंगांची होते, तिथेही काम भागतं. १४ वर एसडब्ल्यूआर पाच दाखवतो, पण ट्यूनर तो १:१ वर आणतो आणि माझे क्यूएसओ (रेडिओवरचे संवाद) होतात. आणखी काय पाहिजे?

जोडतार

एकतारी, ७ मेगाहर्ट्झपुरतं तुमचं सगळं मान्य. १४ बद्दलचं अजिबात मान्य नाही, आणि नवीन माणसाने ते वाचून तसंच करू नये म्हणून सविस्तर लिहितो.

७ ची अर्धतरंग तार १४ वर पूर्णतरंग होते. मग मधल्या फीडपॉइंटला ७०-८० ओहम उरत नाहीत, काही हजार ओहम होतात. ४००० धरू. ५० ओहमच्या केबलला वर ८०:१ एसडब्ल्यूआर दिसतो. तुमचा मीटर पाच दाखवतो, कारण तो खोलीत आहे! ३० मीटर आरजी-५८ चं १४ वरचं साधं नुकसान सुमारे १.७ डेसिबल. वरून परतलेली शक्ती खाली येताना पुन्हा त्याच केबलमध्ये जिरते, म्हणून मीटरपर्यंत थोडीच पोचते आणि आकडा लहान दिसतो. सूत्रात घालून बघा, एकूण नुकसान १२ डेसिबलच्या पुढे जातं. १०० वॅट सोडले तर तारेत ६ वॅटही धड पोचत नाहीत, बाकीची केबल तापवतात. ट्यूनर रिगला (रेडिओ संचाला) खूश करतो, केबलमधला एसडब्ल्यूआर तसाच राहतो.

तेच ३० मीटर ४५० ओहमच्या विंडो लाइनने (तारांमध्ये खिडक्या पाडलेली प्लॅस्टिकची पट्टी असलेल्या लॅडर लाइनने) आणा. वर ९:१ एसडब्ल्यूआर असेल आणि तरी कोरड्या दिवशी एकूण नुकसान अर्ध्या डेसिबलच्या आसपास राहील. एका तारेवर चार-पाच बँड (वारंवारतेचे पट्टे) करायचे असतील तर हा साधा हिशेब आहे, त्याला आग्रह म्हणू नका.

एकतारी

पण १४ वर माझे क्यूएसओ झालेत, हे तर खोटं नाही ना?

जोडतार

खोटं कसं असेल! बँड उघडा असेल तर ६ वॅटही खूप लांब जातात. बँड बसला की ते ९४ वॅट आठवतात.

गच्चीकर

मी दोन वर्षं ४५० ओहमची विंडो लाइन वापरली आणि काढून टाकली. जोडतार यांनी "कोरड्या दिवशी" असं बरोबर लिहिलंय, माझं सगळं गाडं पावसातच अडलं. भुरभुर सुरू झाली की दोन तारांमधल्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर पाण्याचे थेंब ओळीने बसायचे आणि ट्यूनर नव्याने लावावा लागायचा. ऊन पडलं की पुन्हा पहिल्या जागी. काजळी बसलेल्या जुन्या लाइनला तर हे जास्तच. शिवाय ती पत्र्यापासून, गजापासून, गटाराच्या पाइपापासून लांब धरावी लागते, तारांमधल्या अंतराच्या निदान दोन-तीन पट. वारा सुटला की ती फडफडते, म्हणून दर मीटरला एखादा पीळही द्यायचा. शेवटच्या तीन मीटरमध्ये लोखंडी खिडकी असेल तर हे सगळं करून काही उपयोग नाही.

आणि व्होल्टेज विसरू नका. ४००० ओहमच्या जागी १०० वॅट म्हणजे ६३० व्होल्टच्या वर आरएफ (रेडिओ-वारंवारतेची वीज). लहान मुलांचा हात पोचेल अशा उंचीवरून ती लाइन मी तरी नेणार नाही.

जोडतार

पट्टीवाली लाइन भिजते, खरं आहे. म्हणूनच मी स्वतः बनवलेली उघडी लाइन वापरतो. २ मिलिमीटर जाडीच्या दोन तारा १५ सेंटीमीटर अंतरावर ठेवल्या की २७६ गुणिले लॉग १५० म्हणजे बरोबर ६०० ओहम. मध्ये फक्त अर्ध्या मीटरवर एकेक कांडी. पाणी बसायला जागाच कमी, त्यामुळे पावसात ट्यूनरला क्वचितच हात लावावा लागतो. व्होल्टेजचं मात्र शंभर टक्के मान्य. माझी लाइन पहिल्यापासून डोक्याच्या वरूनच येते.

कानसेन

दोघेही नुकसानावर भांडताय आणि जिचा मला सर्वात जास्त त्रास झाला तिचं नाव कुणीच काढत नाही, केबलच्या बाहेरून वाहणारी करंट.

कोॲक्सच्या जाळीला आरएफसाठी दोन बाजू असतात. आतल्या बाजूने सिग्नल जातो. वर डायपोलला नुसती केबल डकवली की थोडी करंट जाळीच्या बाहेरच्या बाजूने खाली उतरते आणि केबल हाच अँटेनाचा तिसरा पाय होतो. माझ्याकडे बोलताना माइक ओठाला लागला की चटका बसायचा. ऐकतानाही तेच उलट्या दिशेने, घरातल्या चार्जरची आणि एलईडी दिव्यांची सगळी खरखर केबलच्या अंगावरून वर जाऊन डायपोलमधून रिसीव्हरमध्ये. फीडपॉइंटला फेराइटच्या एफटी-२४०-३१ कड्यावर केबलचे बारा वेढे घेऊन चोक (ही बाहेरची करंट अडवणारा भाग) बसवला आणि ७ मेगाहर्ट्झवर एस-७ ची खरखर एस-४ वर आली (एस हे सिग्नलच्या जोराचं माप). मागे दबलेली स्टेशनं त्याच रात्री ऐकू यायला लागली.

एकतारी, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये बालुन किंवा चोकचा उल्लेखच नाही. कोॲक्स सोपी आहे असं नवीन माणसाला सांगायचं तर हे सांगितल्याशिवाय सांगू नका. आणि जोडतार, लॅडर लाइनलाही यातून सुटका नाही. ट्यूनरपाशी १:१ करंट बालुन लागतोच.

गच्चीकर

कानसेन यांना अनुमोदन. जाड केबल घेऊन सगळं सुटतं असं समजणाऱ्यांसाठी एक भर. ३० मीटरला ७ मेगाहर्ट्झवर आरजी-५८ मध्ये साधारण १.२ डेसिबल जातात, आरजी-२१३ मध्ये अर्धा. म्हणजे ७६ वॅटऐवजी ८९ वॅट वर पोचतात, समोरच्याला कळणारही नाही. पण आरजी-२१३ मीटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास भरते. मध्ये खांब नसेल तर दहा मीटर लोंबती केबल दीड किलोने डायपोलचं पोट खाली ओढते. पातळ केबल, चांगला चोक आणि पक्कं वॉटरप्रूफिंग, एका बँडसाठी मी तरी यावरच थांबेन.

जोडतार

एकतारी, एक विनंती. तुमची केबल किती जुनी आहे? वरचं टोक डायपोलपासून सोडवून मोकळं ठेवा आणि खाली ॲनालायझरने ७.१ वर एसडब्ल्यूआर बघा. चांगल्या ३० मीटर आरजी-५८ ला तो सातच्या आसपास यायला हवा. इथे आकडा जितका लहान तितकी केबल वाईट, कारण परत येणारी शक्ती वाटेतच जिरतेय.

एकतारी

आज सकाळी वर चढून केलं. आकडा ३.१ आला.

हिशेब केला तर एका दिशेने जाताना तीन डेसिबलच्या जवळपास, म्हणजे ७ वरही माझी निम्मी शक्ती केबलमध्येच जात होती. फीडपॉइंटचं टोक कापलं. वरच्या आवरणाखाली तांब्याची जाळी पार काळी पडलेली, बोटाने चोळली तर भुकटी निघाली. पुढे एकेक वीत कापत गेलो, दोन मीटरपर्यंत तेच. मी तिथे नुसती साधी चिकटपट्टी गुंडाळली होती, पाणी जाळीतून झिरपत खाली उतरत गेलं. एवढे दिवस मीटर मात्र सुंदर एसडब्ल्यूआर दाखवत होता आणि मी त्यावर विसंबून होतो.

७ साठी माझं मत बदललेलं नाही, पुन्हा कोॲक्सच ओढणार. या वेळी फीडपॉइंटला चोक आणि जोडावर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप. पण १४ बद्दल पहिल्या पोस्टमध्ये जे लिहिलं ते मी मागे घेतो, कुणी त्यावर जाऊ नका. १४ साठी त्याच फीडपॉइंटला दहा मीटरचा दुसरा डायपोल जोडून, दोन्हींची टोकं एकमेकांपासून लांब ताणून बघणार आहे. जोडतार, लहान तारेची लांबी मोठी तार जोडलेली असतानाच कापावी लागेल ना?

जोडतार

हो, जोडलेली असतानाच. दोन्ही बाजूंना वीतभर जास्त ठेवा आणि दोन्हीकडून सारखीच कापत या. टोकांमध्ये मीटरभर तरी अंतर राहू दे, जवळ आली की एकमेकींना ओढतात. झालं की ७ पण पुन्हा मोजा, थोडं सरकलेलं असेल.