पाचवीतल्या मुलीला स्वयंपाकातून अपूर्णांक शिकवतेय, बेरजेपाशी गाडी अडलीय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लेक पाचवीत आहे, सेमी इंग्लिशला. अपूर्णांक सुरू झाल्यापासून गणिताची वही काढली की तिचं पोट दुखायला लागतं. स्वयंपाकघरात लुडबुड करायला मात्र एका पायावर तयार, म्हणून तिथूनच सुरुवात केली. मापाच्या कपांचा संच आहे: १, १/२, १/३ आणि १/४. मोठा कप २४० मिलीचा.

लहानमोठं चटकन समजलं. तीनपेक्षा चार मोठा, म्हणून १/३ पेक्षा १/४ मोठा, असं बाईसाहेबांचं ठाम मत होतं. दोन्ही कप तांदळाने भरून शेजारीशेजारी ठेवले, वाद मिटला. मग शिऱ्याचं प्रमाण (एक कप रवा, पाऊण कप साखर, अर्धा कप तूप) निम्मं करायला सांगितलं. साखरेपाशी थांबली, कारण पाऊणच्या निम्म्याचा कप संचात नाहीच. तेव्हा १५ मिलीचा मोठा चमचा घेतला. कपात १६ चमचे, पाऊण कपात १२, त्याचे निम्मे ६. ६/१६ म्हणजे ३/८ हे तिने स्वतः काढलं!

आणि तीच मुलगी वहीत १/२ + १/४ = २/६ लिहिते. वरचे वर मिळवायचे, खालचे खाली. "अर्धा कप आणि पाव कप मिळून किती गं?" विचारलं की लगेच "पाऊण". मग हे २/६ कुठून आलं? तर म्हणे, "ते कपातलं, हे वहीतलं."

मला वाटतं, रवा-साखर ओतली की एकजीव होते, त्यात समान भाग दिसतच नाहीत. छेद सारखे करायचे म्हणजे तुकडे एकाच मापाचे करायचे, हे कपातून कसं कळणार? थालीपीठ कापून पाहिलं. गोलाचे दोन, चार, आठ भाग नीट होतात, तीन करायला गेलं की धाकट्याचं "तिचा मोठाय" सुरू.

त्यातल्या त्यात खोबऱ्याच्या वड्या कामी आल्या. सारण चौकोनी थापून ३ × ४ अशा १२ वड्या पाडल्या. अर्ध्या म्हणजे ६, एक तृतीयांश म्हणजे ४, मिळून १०/१२. खालचे १२ तसेच राहतात हे तिला दिसलं, पटलंही. पण पुढचं गणित २/५ + १/३ आलं आणि १२ वड्यांचे पाच सारखे वाटे होईनात. १५ पाड म्हटल्यावर ६ आणि ५ मोजून ११/१५ बरोबर आणलं.

माझं घोडं इथेच पेंड खातंय. किती वड्या पाडायच्या हे मी सांगितलं तर पुढचं सगळं येतं. सुरी लावण्याआधी तो आकडा तिचा तिला कसा सुचावा? लसावि शाळेत अजून झालेला नाही, त्यामुळे ते नाव न घेता करता आलं तर उत्तम. इथे प्राथमिकचे शिक्षक असतील तर तुम्ही वर्गात हे कसं करता, नक्की लिहा.

शिवाय रोज वड्या खाऊन चालणार नाही. ढोकळा, कोथिंबीर वडी असं बिनगोडाचं, चौकोनी कापता येणारं आणखी काही सुचतंय का? गॅसशिवाय होणारं असेल तर धाकट्यालाही बसवता येईल. चाचणी पुढच्या आठवड्यात आहे, तेव्हा जरा लवकर सांगा.