आमदार तालांव (वाहतूक दंडाची पावती) रद्द करून द्यायला तयार आहेत, मला विधानसभेत प्रश्न विचारून हवाय. कसा विचारायला सांगू?

बाबल_पाइपवाला

नमस्कार. गोव्यात डिचोली तालुक्यात प्लंबिंगची कामं करतो. सव्वीस वर्षं दुचाकीला पाइप बांधून फिरतोय, तेव्हा ट्रॅफिक पोलिसांची ओळख जुनीच.

गेल्या मंगळवारी तालांव मिळाला. चूक माझी. दुकानातून साइट तीनशे मीटरवर, म्हणून हेल्मेट हँडलला अडकवलेलं. हजार रुपये भरले, हुज्जत घातली नाही. पण निघताना बघतो तर मागचं चाक बसलेलं. तिठ्यावरच पंक्चरवाला आहे, त्याच्याकडे पाऊण तास गेला. बसल्या बसल्या बिलाच्या मागच्या बाजूला रेघा मारत राहिलो.

थांबवलेल्या दुचाक्या सतरा, त्यांतल्या पाच काळ्या पाटीच्या, भाड्याच्या. चारचाकी दोन, दोन्ही बाहेरच्या नंबरच्या. टिप्पर एकही नाही. तेवढ्या वेळात ताडपत्री न बांधलेले निदान आठ तरी गेले. त्यांची धूळ माझ्या चहात पडली, म्हणून खात्रीने सांगतो. एक सरकारी जीप गेली, चालकाने बेल्ट लावलेला नव्हता. तिला हवालदाराने सलाम ठोकला.

खरी गोष्ट पुढे आहे. तिठ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर एक वळण आहे. एका बाजूला चर, दुसऱ्या बाजूला शेताचा बांध. पाच वर्षांत आमच्या वाड्यावरची तीन माणसं तिथे अपघातात गेली, एक माझ्या हाताखाली काम शिकलेला पोरगा. त्या वळणावर मी पोलीस उभा असलेला कधी पाहिला नाही. तिठ्यावर वड आहे, वळणावर सावली नाही. मला तरी दुसरं कारण सुचत नाही.

(तिठ्याचं नाव मुद्दाम घालत नाही. मला रोज तिथूनच जायचंय.)

आमदारांच्या कार्यालयात गेलो. तिथला माणूस चांगला आहे, लगेच म्हणाला, "नंबर दे, फोन लावतो, रद्द होईल." म्हटलं, पैसे भरून झाले. "मग आलास कशाला?" त्याला खरंच कळेना. मला हे विधानसभेत कोणीतरी विचारायला हवंय. आमदार म्हणतात लिहून आण. काय लिहू?

---

निवृत्त_फाइलवाला

बाबल, माझी निम्मी नोकरी विधानसभेच्या प्रश्नांची उत्तरं तयार करण्यात गेली. अधिवेशन आलं की आमची जेवणं टेबलावरच व्हायची. आतली गोष्ट सांगतो: खातं विचारलं तेवढंच सांगतं, त्यापुढे अक्षर नाही.

आमदार साधारण असं विचारतात: "गेल्या तीन वर्षांत किती तालांव दिले, किती महसूल मिळाला?" आम्ही दोन आकडे द्यायचो. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, इतके कोटी वसूल. आकडा मोठा दिसला की पोलीस खूश, विरोधक लूट म्हणून ओरडायला मोकळे. तुझं वळण त्यात कुठेच नसतं.

म्हणून तक्ता मागायचा. जागेप्रमाणे, तासाप्रमाणे, कलमाप्रमाणे, वाहनाच्या प्रकाराप्रमाणे. आणि त्याच्याच शेजारी, त्याच पोलीस स्थानकाच्या हद्दीत जीवघेणे अपघात कुठे आणि किती वाजता झाले, ते. दोन तक्ते एका परिशिष्टात आले की भाषण करावं लागत नाही.

दुसरं म्हणजे, हा प्रश्न एका खात्याला टाकलास तर हरवेल. वाहतूक पोलीस गृहखात्याकडे, म्हणजे मुख्यमंत्र्यांकडे. आरटीओ वाहतूक खात्याकडे. वळण, फलक, पट्टे बहुतेक सार्वजनिक बांधकामकडे. एकाला विचारलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. तेव्हा तीन वेगळे प्रश्न दे.

आणि ही दोन कलमं आमदारांना वाचून दाखव. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात २१०-ब आलं: कायदा राबवणाऱ्यानेच तो मोडला तर दंड दुप्पट. तुझी सलामवाली जीप इथे बसते की नाही ते खात्यालाच सांगू दे. आजवर कितीजणांवर ते लावलं, एवढंच विचार. दुसरं १९८-अ. रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. गोव्यात ते किती वेळा लावलं, हेही विचार. उत्तर काय येईल याचा मला अंदाज आहे, पण ते सभागृहाच्या कागदावर आलेलं बरं.

---

कळंगुटचा_रेंटवाला

काळ्या पाटीचं वाचलं. माझ्या नऊ गाड्या भाड्याने आहेत. पाटी काळी, अक्षरं पिवळी, लांबूनच कळतं की वर पर्यटक आहे, घाईत आहे, भाषा येत नाही. आणि जे लोक खाजगी पांढऱ्या पाटीची गाडी गुपचूप भाड्याने देतात त्यांना कोण थांबवतो? परवाना काढला ही आमची चूक.

२०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की तालांव पीआय दर्जाचा अधिकारीच देणार आणि तोही अंगावर कॅमेरा लावून. बाबल, तुला तालांव कोणी दिला? हवालदाराने की पीआयने? कॅमेरा होता? आमदारांना सांगा, त्या घोषणेचं लेखी परिपत्रक पटलावर ठेवायला लावा, आणि असे कॅमेरे किती, त्यातलं चित्रण किती दिवस ठेवतात, तेही विचारा.

---

आंबेकाजू

हे सगळं करून मिळणार काय, तर "माहिती गोळा केली जात आहे". २०१७ साली पोलिसांनी ट्रॅफिक सेंटिनेल आणलं, आठवतं? लोकांनी फोटो काढून पाठवायचे, गुण जमवायचे, बक्षीस घ्यायचं. आमच्या वाड्यावर दोन चुलतभाऊ त्यावरून अजून बोलत नाहीत. मग २०१९ चे वाढीव दंड. आधी रस्ते नीट करू, मग दंड लावू, असं सरकार म्हणालं. दंड १ एप्रिल २०२२ पासून लागला. रस्त्यांचं काय झालं ते पर्वरीच्या लोकांना विचारा.

---

निवृत्त_फाइलवाला

आंबेकाजू, "माहिती गोळा केली जात आहे" हे मी स्वतः कितीदा लिहिलंय ते देवाला ठाऊक. पण मंत्री सभागृहात "देतो" म्हणाले की ते आश्वासन होतं आणि विधानसभेची आश्वासन समिती त्यामागे लागू शकते. शिवाय तारांकित प्रश्न असला तर आमदाराला तिथल्या तिथे पुरवणी प्रश्न विचारता येतो. अतारांकित असला तर कागद आला आणि विषय संपला. बाबलने तारांकितच मागावा.

---

माशेलची_सुनबाय

मी रोज कदंबच्या बसने बाणस्तारी पुलावरून पणजीला जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे एका गाडीने तीन माणसं मारली, तेव्हा अधिवेशन चालू होतं. सभागृहातलं मला आठवतं ते एवढंच, की गाडी कोण चालवत होतं, ती कोणाची, कोण कोणाला वाचवतंय. ते विचारायलाच हवं होतं, नाही म्हणत नाही. पण बसमध्ये माझ्या शेजारी बसणारी बाई तेव्हा म्हणाली, "आमच्या घरचं मेलं असतं तर इतकं बोलले असते का?" मला उत्तर देता आलं नाही.

बाबलदादा, दारू तपासायची यंत्रं कुठल्या स्थानकात किती, आणि ती रात्री किती वाजता वापरली, हे तुमच्या तक्त्यात घाला. दुपारी चारला फुंकायला लावून काय उपयोग?

---

बाबल_पाइपवाला

सगळ्यांचे आभार. रेंटवाल्या, तालांव हवालदारानेच फाडला. पीआय जीपमध्ये बसून फोनवर बोलत होता. कॅमेरा दोघांपैकी कोणाच्या अंगावर मला तरी दिसला नाही.

फाइलवाल्या काकांनी सांगितलं तसे तीन कागद केले. भाचीने टाइप करून दिले. गृहखात्याच्या कागदात सुनबायचा रात्रीचा मुद्दाही घातला. एक भर माझी: कॅमेऱ्याने तालांव येतो त्या जागेच्या आधी इशाऱ्याचा फलक लावावा लागतो आणि नोटीस पंधरा दिवसांत पाठवावी लागते, असा केंद्राचा १६७-अ नियम आहे. भाचीने शोधून काढला. ते दोन्ही पाळतात का, हा चौथा कागद.

आज कार्यालयात देऊन आलो. त्या माणसाने चारही वाचले, दोनदा. मग म्हणाला, "वळणाचा प्रश्न साहेब नक्की घेतील. २१०-ब चा जरा बघू, पोलिसांकडे आमची पण कामं असतात." मी म्हटलं, घ्यायचे तर चारही घ्या. बघू म्हणाले.

परत येताना वळणावर थांबलो. चराच्या कडेला पंचायतीने एक पिवळा ड्रम ठेवलाय, आत वाळू, वर लाल फडकं. ड्रमला एका बाजूने पोचा आलाय. कधी ठेवला, कोणाची गाडी लागली, कोणालाच माहीत नाही. त्याचा फोटो काढून पाचवा कागद म्हणून जोडू का, काका? की बांधकाम खात्याच्याच प्रश्नात घालू?

---

निवृत्त_फाइलवाला

बांधकामच्याच प्रश्नात घाल. तारीख आणि वेळ टाक. आणि चारही कागदांची पोच घेतलीस का? नसेल तर उद्या परत जा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घे.