व्हिक्टोरियन काळातली डिटेक्टिव्ह बाई खरी वाटते का?

सुईदोरा

नमस्कार मंडळी. मी सांगलीत घरीच शिवणकाम करते, 22 वर्षं झाली. मशीनवर बसले की कानात पुस्तक लावते. इंग्रजी असेल तर वेग कमी करून, अडलं तर पुन्हा मागे जाऊन ऐकते. गेल्या वर्षभरात व्हिक्टोरियन लंडनमधल्या रहस्यकथांची गोडी लागली आहे, आणि त्यातही शोध लावणारी बाई असली की जास्तच. आतापर्यंत नऊ ऐकून झाल्या.

परवाच्या कादंबरीत साल 1862 होतं. नायिका विधवा, हुशार. रात्री बागेची भिंत चढून आत उतरते, तीही क्रिनोलिनसकट. मी तिथेच मशीन थांबवलं. क्रिनोलिन म्हणजे पोलादी कड्यांचा पिंजरा, 1856 साली त्याचं पेटंट निघालं. तो कमरेला बांधायचा, त्यावर परकर, त्यावर घागरा. 1860 च्या आसपास त्याचा घेर सगळ्यांत मोठा होता. त्या कड्या पुढून भिंतीला दाबल्या गेल्या की मागून सगळा पिंजरा वर उचलला जाणार. मी स्वतः अशा घेराचा एक पोशाख शाळेच्या नाटकासाठी शिवला आहे. ती मुलगी विंगेच्या दारातून आडवी होऊन बाहेर पडत होती. भिंत फार लांबची गोष्ट.

दुसऱ्या एका पुस्तकात उलटी चूक. त्यातल्या बाईला मोलकरणीशिवाय कपडेच घालता येत नाहीत, आणि त्यामुळे तिचं गुपित फुटतं. पण त्या काळच्या कॉर्सेटला पुढून धातूच्या पट्ट्या आणि खुंट्या असत. मागची नाडी सैल सोडली की एकटीला घालता-काढता येई. दिवसा घालायच्या चोळीलाही पुढूनच हूक किंवा गुंड्या. मेजवानीच्या पोशाखाची नाडी मात्र पाठीमागे, तिथे दुसरा हात लागतोच.

माझा भाऊ म्हणतो, "ताई, त्या काळात अशी बाई नव्हतीच गं. आजच्या लेखकांनी आजची बाई उचलून मागे नेऊन ठेवली आहे." मला ते पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. म्हणून विचारते. तेव्हाच्या लेखकांनी अशी बाई लिहिली होती का? आणि असली कामं बायका खरोखर करत होत्या का?

---

जुनीपानं

ताई, भावाला सांगा, शेरलॉक होम्स 1887 मध्ये छापून आला आणि डिटेक्टिव्ह बाई त्याच्या 23 वर्षं आधी.

1864 या एकाच वर्षात लंडनमध्ये अशी दोन पुस्तकं निघाली. एक अँड्र्यू फॉरेस्टर या टोपणनावाने लिहिलेलं, 'द फीमेल डिटेक्टिव्ह'. त्यातली बाई स्वतःची गोष्ट स्वतः सांगते, पण लग्न झालंय की नाही, विधवा आहे का, याचा पत्ता लागू देत नाही. आणि हे खास तुमच्यासाठी: तिच्या ओळखीपाळखीच्या लोकांना वाटतं की ती शिंपीण आहे, रोजाने किंवा आठवड्याच्या बोलीने लोकांच्या घरी जाऊन शिवणारी!

दुसऱ्या पुस्तकात मिसेस पास्कल आहे. चाळिशीच्या जवळ आलेली, नवरा अचानक गेलेला, हाती पैसा नाही, म्हणून हे काम पत्करलेलं. एका कथेत तिला संशयिताच्या मागे जमिनीतल्या झडपेतून शिडीने खाली उतरायचं असतं, आणि क्रिनोलिन आड येतं. ती काय करते? क्रिनोलिन काढून ठेवते आणि उतरते. म्हणजे तुम्ही मशीन थांबवून जो आक्षेप घेतलात, तो 1864 च्या लेखकाला ठाऊक होता.

मला स्वतःला सगळ्यांत जवळची वाटते ती लव्हडे ब्रुक. कॅथरीन लुइझा पिर्किस या लेखिकेच्या या कथा 1893 पासून मासिकात आल्या आणि 1894 मध्ये पुस्तक निघालं. लव्हडे तिशी ओलांडलेली. उंच नाही की ठेंगणी नाही, गोरी नाही की सावळी नाही, सुंदर नाही की कुरूपही नाही. तिची एकच खूण: विचारात पडली की पापण्या इतक्या खाली येतात की डोळ्यांची नुसती रेघ उरते. नशीब फिरून ती निराधार होते आणि फ्लीट स्ट्रीटजवळच्या एका एजन्सीत नोकरी धरते. त्या नोकरीमुळे आधीच्या वर्तुळातल्या लोकांशी तिचा संबंध तुटतो. लेखिका त्याचा गाजावाजा करत नाही. एका वाक्यात सांगते आणि बाईला कामावर पाठवते. मला हे फार आवडतं. आजच्या कादंबऱ्यांतल्या नायिका प्रत्येक प्रकरणात कुणाला तरी 'मी बाई असले तरी' असं ऐकवत बसतात. लव्हडेला तेवढी फुरसत नाही, तिला पगार मिळवायचा आहे.

---

आरामखुर्ची

मी कौटुंबिक खटले चालवण्यात आयुष्य घालवलं, आता निवृत्त आहे. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर थोडं सांगतो.

पोलिसात नव्हत्या. स्कॉटलंड यार्डची डिटेक्टिव्ह शाखा 1842 मध्ये आठ पुरुषांवर सुरू झाली, आणि लंडनच्या रस्त्यावर गणवेशातली पोलीस बाई दिसायला 1919 उजाडलं. त्यामुळे 1870 सालच्या कादंबरीत एखादी 'इन्स्पेक्टरबाई' भेटली तर ते पुस्तक खुशाल मिटा.

खाजगी चौकशीची गोष्ट वेगळी. 1857 मध्ये इंग्लंडमध्ये घटस्फोटाचा कायदा झाला आणि 1858 पासून त्यासाठी वेगळं न्यायालय बसलं. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र नवऱ्याचा व्यभिचार आणि त्याच्या जोडीला क्रूरपणा, दोन वर्षं टाकून देणं किंवा तसलंच काहीतरी, असं दोन्ही सिद्ध करावं लागे. ही विषमता 1923 पर्यंत टिकली. म्हणजे पुरावा हवा. कुठल्या खोलीत कोण उतरलं, पलंग किती जणांनी वापरला, हे कोण सांगणार? मोलकरीण, घरमालकीण, हॉटेलातली खोल्या आवरणारी. त्यांच्याशी दोन शब्द बोलून माहिती काढायची तर दारात मिशीवाला माणूस उभा करून भागत नाही. चौकशी कचेऱ्यांना बायका लागत होत्या, आणि शतकाच्या शेवटी तर अशा कचेऱ्या आपल्याकडे बायका आहेत अशी जाहिरात करत. अमेरिकेत हे आधीच झालं होतं. शिकागोत पिंकर्टनच्या एजन्सीत केट वॉर्न ही विधवा 1856 मध्येच रुजू झाली होती.

या नायिका बहुतेक विधवा किंवा अविवाहित का असतात, याचंही कारण कायद्यात आहे. 1870 पर्यंत लग्न झालेल्या इंग्रज बाईची कमाई कायद्याने नवऱ्याची होती. मालमत्तेवरचा पूर्ण हक्क मिळायला 1882 यावं लागलं.

थोडं विषयांतर करतो, पण राहवत नाही. आपल्या रखमाबाईंवर मुंबईत जो दावा लागला, तो याच इंग्रजी कायद्यातून आलेला, दांपत्य हक्क परत मिळवण्याचा. 1887 मध्ये त्यांना नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं सांगण्यात आलं. खुद्द इंग्लंडमध्ये यासाठीची तुरुंगवासाची शिक्षा 1884 मध्येच रद्द झाली होती! पुढे तडजोड झाली आणि 1889 मध्ये रखमाबाई डॉक्टरकी शिकायला लंडनला गेल्या. लव्हडे ब्रुक मासिकात छापून येत होती तेव्हा त्या त्याच शहरात शिकत होत्या. कुणी लेखक वाचत असेल तर त्याने यावर जरूर विचार करावा.

---

नीरेकाठ

कथा-कादंबऱ्या राहू द्या, ताई, तुम्ही रोड हिल हाउसचं प्रकरण वाचा. ते खरं घडलेलं आहे आणि सगळं कपड्यांभोवती फिरतं.

विल्टशरमधलं रोड नावाचं गाव, 29 जून 1860 ची रात्र. केंट कुटुंबातलं चार वर्षंही पूर्ण न झालेलं मूल, सॅव्हिल, झोपेतून उचलून नेलं गेलं आणि बागेतल्या संडासात त्याचं प्रेत सापडलं. घर आतून बंद, म्हणजे करणारा घरातलाच. दोन आठवड्यांनी लंडनहून जॅक व्हिचर आला, त्या पहिल्या आठ डिटेक्टिव्हांपैकी एक. त्याने मुलाची सावत्र बहीण कॉन्स्टन्स, वय 16, हिच्या कपड्यांची यादी मागवली. यादीत रात्रीचे झगे तीन, हातात आले दोन. ती म्हणाली, तिसरा परटिणीकडे हरवला. व्हिचरला वाटलं की तिने धुण्याला दिलेला झगा मोलकरणीची पाठ वळताच गाठोड्यातून परत काढून घेतला. रक्त लागलेला झगा नाहीसा केला तरी मोजणीत दोष परटिणीवर जावा, म्हणून.

मुलीच्या वकिलाने व्हिचरची टर उडवली, वर्तमानपत्रं तुटून पडली. सभ्य घरातल्या मुलीचे आतले कपडे मोजणारा हा कोण लागून गेला, असा सूर होता. मुलगी सुटली आणि व्हिचरचं नाव खराब झालं. 1865 मध्ये तिने स्वतः कबुली दिली.

---

सुईदोरा

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण रोड हिलचं प्रकरण मिळेल तेवढं वाचून काढलं. दिवाळीचे ब्लाउज बाजूला ठेवून वाचलं.

त्यात एक गोष्ट आहे, ती वाचून मला रात्री झोप लागली नाही. खून झाला त्याच दिवशी पोलिसांना स्वयंपाकघरातल्या बंबाच्या भट्टीत बाईचा रक्ताळलेला आतला झगा सापडला होता. स्थानिक अधिकाऱ्याला वाटलं, पाळीचे डाग असतील. लाजेखातर त्याने तो बाजूला सारला, आणि ही गोष्ट काही महिने दडून राहिली. तो कुणाचा होता हे कधी ठरलंच नाही. मी फक्त एवढंच म्हणते, तिथे पहिल्या दिवशी एक जाणती बाई असती तर तिने तो हातात घेऊन आधी कुठे डाग आहेत ते पाहिलं असतं. पाळीचा डाग कुठे पडतो आणि बाहेरून उडालेलं रक्त कुठे पडतं, हे कुठल्याही बाईला शिकवावं लागत नाही. त्यात हुशारीही नाही, रोजचं जगणं आहे. पुरुषाने मान फिरवली आणि पुरावा गेला.

आणि बाई होतीही तिथे! मिसेस डॅलिमोर, एका हवालदाराची बायको. घरातल्या बायकांची झडती घ्यायला तिलाच बोलावलं होतं. संडासात फ्लॅनेलचा एक तुकडा सापडला, छातीवर आतून बांधायचा. तो कुणाला बसतो हे पाहायला तिने घरातल्या नोकर बायकांच्या अंगावर लावून पाहिला. वाचताना मी उठून उभीच राहिले. हे तर माझं काम! पण छातीचा एक तुकडा चार बायकांना बसू शकतो. नुसत्या बसण्यावरून काही ठरत नाही. मी असते तर शिवण पाहिली असती. डावरीची टीप वेगळी पडते, घाईत घातलेली वेगळी, आणि सवयीने शिवणारीची गाठ कुठे येते ते ठरलेलं असतं. माझ्या तिन्ही शिकाऊ मुलींची हातशिलाई मी न विचारता ओळखते.

जुनीपानं, ती शिंपीण असल्याचं सोंग करणारी बाई माझ्या डोक्यातून जात नाहीये. ज्याने लिहिलं त्याला नेमकं ठाऊक होतं. माप घ्यायला मी कुणाच्या घरी गेले की पहिली पाच मिनिटं घरचे गप्प असतात. मग मी टेप घेऊन गुडघ्यावर बसले की त्यांना दिसेनाशी होते. माझ्या डोक्यावरून सोन्याचे हिशेब होतात, सुनेबद्दल बोललं जातं, वाटण्या ठरतात. 22 वर्षांत मी ते कुणाला सांगितलं नाही, इथेही सांगणार नाही.

एकच सांगते, कारण ते चांगलं झालं. एका ताईंचा ब्लाउज मला चार महिन्यांत दोनदा आत घ्यावा लागला. दंड तेवढाच, पण छाती आणि कंबर मिळून तीन इंच कमी. त्या खूश होत्या, म्हणाल्या डाएट न करता बारीक झाले. मी म्हटलं, "वहिनी, न करता झालात म्हणूनच सांगते, रक्त तपासून घ्या." थायरॉइड निघाला. त्यांच्या घरात चार माणसं रोज त्यांना बघत होती. माझ्याकडे फक्त वहीतली मापं होती, तारखांसकट.

म्हणून भावाला मी काय सांगितलं तर, ती डिटेक्टिव्ह बाई पुरुषासारखी धावते-चढते म्हणून हुशार नाही. ज्या लेखकांनी तिला भिंतीवर चढवलं त्यांना तिचं सामर्थ्य सापडलंच नाही. ती धुण्याची यादी वाचते, अस्तर उलटून पाहते, आणि तिच्यासमोर लोक बोलतात. तो म्हणाला, "मग एखादं मला दे वाचायला." मी त्याला लव्हडे ब्रुक देणार आहे. अर्थात आधी मी ऐकणार.

आरामखुर्चीकाका, तुम्हाला एक विचारायचं राहिलं. त्या घटस्फोटाच्या खटल्यांत शिंपिणींच्या साक्षी कधी झाल्या का? ज्या बाईला लपवून नवे कपडे शिवायचे असतील, तिचं बिल कुणाच्या नावावर जायचं?

---

आरामखुर्ची

बिल नवऱ्याच्याच नावावर, ताई. गरजेच्या वस्तूंसाठी बायको नवऱ्याची पत वापरू शकते असं कायदा धरून चालायचा. नवऱ्याने पैसे द्यायला नकार दिला की कापडवाले आणि शिंपिणी थेट त्याच्यावर दावा लावत. मग कोर्टात प्रश्न यायचा, रेशमी पोशाख ही गरज की चैन? असे दावे पुष्कळ झाले. मापांची वही घेऊन साक्षीला उभी राहिलेली शिंपीण तिथे तुम्हाला नक्की भेटेल.

---

सुईदोरा

मग कुणीतरी हीच गोष्ट लिहा हो. साल 1865 घ्या, म्हणजे क्रिनोलिन पुढून सपाट व्हायला लागलं होतं आणि सगळा घेर मागे सरकत होता. ज्यांना जुना पिंजरा टाकून द्यायला पैसे नव्हते त्या बायका घागरा उसवून पुढचं कापड मागे वळवून घेत. तसा उसवलेला घागरा शिंपिणीच्या हातात आला, की मूळ शिवणीच्या आत दुमडलेलं कापड पहिल्यांदा उजेडात येतं. डाग बाहेरून कितीही धुतला तरी तिथे राहतो.