आवारात नवरंग आला आहे, कृपया सगळ्यांनी वाचा

ए-२०४: आमच्या बाल्कनीच्या काचेवर एक पक्षी आपटलाय. पाठ हिरवी, पोट फिकट पिवळसर, शेपटीखाली लालभडक, डोळ्यावरून काळा पट्टा. डोळे उघडे आहेत, पण जागचा हलत नाही. पाणी पाजू का?

सी-५०१: काकू, पाणी अजिबात नको. चोचीत ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. बुटाचा रिकामा खोका घ्या, झाकणाला भोकं पाडा, तळाशी सुती कापड अंथरा आणि अलगद आत ठेवा. खोका अंधाऱ्या, शांत जागी असू दे. उघडून बघायचा मोह टाळा. पंख लोंबत नाही ना? रक्त?

ए-२०४: नाही, दोन्ही पंख अंगाशी मिटलेले आहेत. ठेवला खोक्यात.

सी-५०१: छान. बहुतेक सावरेल. हा नवरंग.

बी-३०३: नवरंग! दुर्मीळ आहे ना? पेपरात देऊ या.

सी-५०१: दादा, जात म्हणून तो दुर्मीळ नाही, शहरात दिसणं दुर्मीळ. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो, पावसाळ्याच्या तोंडावर विणीसाठी उत्तरेकडे निघतो. प्रवास रात्रीचा. एरवी रानात पाचोळा उलथून किडे शोधणारा हा पक्षी बाल्कनीत येतो तो वाट चुकून. रात्री उडणारे पक्षी इमारतींच्या उजेडाकडे ओढले जातात, आणि काचेत झाडांचं प्रतिबिंब दिसलं की थेट त्यात घुसतात. शिकागोत ५ ऑक्टोबर २०२३ ला एकाच इमारतीपाशी जवळजवळ हजार पक्षी मेले. पुढच्या वर्षी तिथल्या काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावली आणि मृत्यू एकदम घटले. म्हणजे उपाय आहे, आणि तो आपल्यालाही करता येईल. मला खरंच वाटतं की आपण करावा.

बी-६०२: पक्ष्यांचा विषय निघालाच आहे तर, मागच्या झाडाच्या ढोलीत घुबडाची पिल्लं आहेत. फोटो आणि लोकेशन टाकतो, मुलांना घेऊन जा सगळे.

सी-५०१: दादा, लोकेशन नका टाकू, प्लीज. हा मेसेज तासाभरात दहा ग्रुपवर जाईल. जानेवारी २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात हिमघुबड उतरलं, १८९० नंतर पहिल्यांदाच. बातमी फुटली आणि बघ्यांची झुंबड उडाली. ते तर मोठं, उडतं घुबड होतं, इथे पिल्लं आहेत. माणसांची वर्दळ वाढली की आईबाप घरट्याकडे यायला कचरतात.

बी-६०२: बरं, नाही टाकत. मग नोंद कुठे करायची?

सी-५०१: ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर. २००२ पासून चालू आहे, फुकट आहे. तारीख, वेळ, संख्या, फोटो टाकायचा. त्या भागात अनपेक्षित जात असेल तर स्वयंसेवक तपासनीस तपशील विचारतात, त्यामुळे नोंदीला वजन येतं. काही संवेदनशील जातींचं नेमकं ठिकाण ई-बर्ड स्वतःच झाकून ठेवतं. घरट्याची जागा मात्र आपणच लिहायची नाही. नवरंगाची नोंद काकूंच्या नावाने करू या, पाहिला त्यांनी.

सचिव: दिव्यांचं बोला. गच्चीवरचे फोकस रात्रभर चालू असतात. बंद केले तर सुरक्षेचं काय?

सी-५०१: गेट, जिना, पार्किंग तसंच राहू दे. फक्त शोभेचे आणि आकाशाकडे तोंड केलेले फोकस रात्री बंद, स्थलांतराच्या दिवसांत तरी.

ए-२०४: खोक्यात जोरात फडफड चालू झालीये!

सी-५०१: मस्त! खोका न उघडता मागच्या झुडपांपाशी आणा, मी खाली येतो. तिथे मांजर नाही ना, ते आधी बघतो.

सचिव: फोकसचं वॉचमनला आजच सांगतो. लॉबीच्या काचेला फिल्म कशी हवी?

सी-५०१: काचेच्या बाहेरच्या बाजूने, आणि दोन ठिपक्यांत ५ सेंमीपेक्षा जास्त अंतर नको. आतून लावली तर प्रतिबिंब तसंच राहतं. उद्या सकाळी टेप घेऊन येतो, मापं घेऊ.